वाचकांचे प्रश्न : कोपा अमेरिकेतला पाहुणा मेक्सिको

मेक्सिको दक्षिण अमेरिकेत नाही, मग तो कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या फुटबॉल स्पर्धेत कसा खेळतो? आणि पाहुणे बोलवायची गरजच काय?

गरज गणिताची आहे. दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाचे, म्हणजे कॉनमेबॉलचे, सदस्य फक्त दहा. दहा संघांचे प्रत्येकी चारचे गट पडत नाहीत. पाच-पाचचे दोन गट केले तर प्रत्येक फेरीत एक संघ रिकामा बसतो आणि सामनेही वाढतात. १९९३ मध्ये इक्वेडोरला झालेल्या स्पर्धेपासून यावर तोडगा निघाला. बाहेरचे दोन संघ बोलवायचे, बारा जणांचे चार-चारचे तीन गट करायचे. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या तिघांतले सर्वोत्तम दोन, असे आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत जायचे.

पहिल्या वर्षी मेक्सिको आणि अमेरिका आले. दोघेही उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या महासंघाचे, म्हणजे कॉन्ककॅफचे. त्यानंतर दुसरा पाहुणा बदलत राहिला. कधी कोस्टा रिका, कधी जपान, कधी होंडुरास. मेक्सिको मात्र १९९३ ते २०१६ या काळातल्या एकाही स्पर्धेला चुकला नाही. तगडा प्रतिस्पर्धी, मोठा प्रेक्षकवर्ग आणि टीव्हीवरची मोठी बाजारपेठ असा हा पाहुणा होता, त्यामुळे आमंत्रण दोन्ही बाजूंना सोयीचं होतं.

मेक्सिकोची पूर्ण कामगिरी वर्षवार द्याल का?

क्रम असा : सामने, विजय, बरोबरी, पराभव, मग केलेले आणि खाल्लेले गोल. पेनल्टी शूटआऊटला गेलेला सामना बरोबरीत धरला आहे.

१९९३, इक्वेडोर : ६, २, २, २; गोल ९–७. उपविजेते.
१९९५, उरुग्वे : ४, १, २, १, गोल ५–४. उपांत्यपूर्व फेरी.
१९९७, बोलिव्हिया : ६, २, २, २, गोल ८–९. तिसरं स्थान.
१९९९, पॅराग्वे : ६, ३, १, २, गोल १०–९. तिसरं स्थान.
२००१, कोलंबिया : ६, ३, १, २, गोल ५–३. उपविजेते.
२००४, पेरू : ४, २, १, १, गोल ५–७. उपांत्यपूर्व फेरी.
२००७, व्हेनेझुएला : ६, ४, १, १; गोल १३–५. तिसरं स्थान.
२०११, अर्जेंटिना : ३, ०, ०, ३, गोल १–४. गटातच बाद.
२०१५, चिली : ३, ०, २, १, गोल ४–५. गटातच बाद.
२०१६, अमेरिका (शताब्दी स्पर्धा) : ४, २, १, १, गोल ६–९. उपांत्यपूर्व फेरी.
२०२४, अमेरिका : ३, १, १, १, गोल १–१. गटातच बाद.

एकूण ५१ सामने, २० विजय, १४ बरोबरी, १७ पराभव, गोल ६७–६३. पण ही बेरीज फसवी आहे. २००७ नंतर रेघ मारून पाहा. पहिल्या सात स्पर्धांत ३८ सामने, १७ विजय, ११ पराभव, गोल ५५–४४ आणि पाच वेळा उपांत्य फेरी. पुढच्या चार स्पर्धांत १३ सामने, ३ विजय, ६ पराभव, गोल १२–१९ आणि उपांत्य फेरी एकदाही नाही. मेक्सिकोची कोपातली सरासरी कामगिरी काढण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. हे दोन वेगळे हिशोब आहेत.

१९९३ मध्ये मेक्सिको गटात एकही सामना न जिंकता अंतिम फेरीत गेला, हे खरं की थाप?

खरं आहे. कोलंबियाकडून १–२ हार, अर्जेंटिनाशी १–१, बोलिव्हियाशी ०–०. तेव्हा विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण होता, त्यामुळे खात्यात दोन गुण आणि गटात तिसरा नंबर. इतर दोन गटांत तिसरे होते पॅराग्वे (३ गुण) आणि व्हेनेझुएला (२ गुण). मेक्सिको आणि व्हेनेझुएलाचे गुण सारखे, म्हणून गोलफरक पाहिला गेला : मेक्सिको उणे एक, व्हेनेझुएला उणे पाच. व्हेनेझुएलाला इक्वेडोरने ६–१ असं झोडपलं होतं, त्याचा फायदा मेक्सिकोला झाला.

त्यानंतर मात्र वेगळाच संघ दिसला. पेरूला ४–२ हरवलं, उपांत्य सामन्यात यजमान इक्वेडोरला क्विटोमध्ये २–०. क्विटो समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटरवर आहे. तिथे पाहुण्या संघाची दुसऱ्या हाफमध्ये दमछाक होते, हे दक्षिण अमेरिकेतल्या प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक असतं. पण मेक्सिको सिटीच २,२४० मीटरवर वसलेली, त्यामुळे विरळ हवेचा जो फायदा यजमान गृहीत धरतात तो इथे बराचसा बोथट झाला.

अर्जेंटिनाविरुद्धचा अंतिम सामना मात्र ग्वायाकिलला, म्हणजे समुद्रसपाटीवर झाला. ६३व्या मिनिटाला गॅब्रिएल बातिस्तुताचा गोल, चारच मिनिटांनी मेक्सिकोच्या बेन्हामिन गालिंदोची पेनल्टी, १–१. निर्णायक गोल ७४व्या मिनिटाचा. चाल अगदी साधी होती. दिएगो सिमेओनेने झटपट थ्रो-इन टाकला, मेक्सिकोचा बचाव अजून जागा घेत होता, बातिस्तुताने क्लाउदिओ सुआरेझला पाठीवर घेऊन वळण घेतलं आणि डाव्या पायाने कोपऱ्यात मारला. थ्रो-इनच्या वेळी बचावपटू दम खातात आणि नेमके तिथेच सापडतात. हा गोल त्याचा नमुना म्हणून आजही दाखवण्यासारखा आहे. अर्जेंटिनाने यानंतर वरिष्ठ संघाचा मोठा चषक थेट २०२१ मध्ये जिंकला.

२००१ च्या अंतिम सामन्यात काय कमी पडलं?

एक गोल. बोगोटातला एल काम्पिन स्टेडियम, यजमान कोलंबिया, ६५व्या मिनिटाला फ्री किकवर इव्हान कोर्दोबाचा हेडर, १–०. कोलंबियाने त्या संपूर्ण स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही, त्यामुळे पिछाडीवरून परत येणं कुणालाच जमलं नाही. मेक्सिकोच्या बाजूने पाहिलं तर हाविएर अगिरे यांच्या त्या संघाने सहा सामन्यांत फक्त तीन गोल खाल्ले आणि गटात ब्राझीलला १–० हरवलं. मेक्सिकोने बाद फेरी गाठलेल्या स्पर्धांत बचावाच्या दृष्टीने ही सर्वांत घट्ट कोपा. केलेले गोलही पाचच, हे त्या घट्टपणाचंच दुसरं अंग.

२००७ पर्यंत इतकी चांगली कामगिरी, मग एकदम घसरण का? खेळाडू कमी पडले का?

खेळाडूंपेक्षा कॅलेंडर बघा. मेक्सिकोची स्वतःच्या महासंघाची स्पर्धा म्हणजे गोल्ड कप. कोपा आणि गोल्ड कप यांच्या तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की घसरणीचं कारण बरंचसं समजतं.

१९९३ मध्ये कोपा ४ जुलैला संपली आणि गोल्ड कप १० जुलैला सुरू झाला. तरी मेक्सिकोने दोन्हीकडे तगडा संघ उतरवला आणि गोल्ड कप जिंकलाही. पुढे १९९५, १९९७, १९९९, २००१ या चारही कोपांच्या वेळी गोल्ड कप त्यानंतरच्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत होता. टक्कर नाहीच. २००४ मध्ये गोल्ड कप नव्हता.

पहिली खरी टक्कर २००७ ची. २४ जूनला शिकागोत गोल्ड कपच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने मेक्सिकोला २–१ हरवलं. तीनच दिवसांनी व्हेनेझुएलात मेक्सिको ब्राझीलसमोर उभा राहिला आणि २–० जिंकला. नेरी कास्तियो आणि रामोन मोरालेस यांनी पहिल्या अर्ध्या तासातच दोन्ही गोल केले. पुढे पॅराग्वेला ६–० धुतलं. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून ०–३ हरले, तिसऱ्या स्थानासाठी उरुग्वेला ३–१ हरवलं. सलग दोन स्पर्धा खेळून एवढं करणं ही, आमच्या मते, १९९३ च्या उपविजेतेपदापेक्षा मोठी कामगिरी आहे.

२०११ मध्ये गोल्ड कप २५ जूनला संपला आणि कोपा १ जुलैला सुरू झाली. या वेळी मुख्य संघ गोल्ड कपला आणि कोपासाठी २२ वर्षांखालचा संघ, सोबत जास्तीत जास्त पाच मोठ्या वयाचे खेळाडू, असं ठरलं. त्यातही स्पर्धेआधी शिस्तभंगावरून आठ खेळाडूंना घरी पाठवलं गेलं. चिलीकडून १–२, पेरूकडून ०–१, उरुग्वेकडून ०–१. गमतीचा भाग असा की या दुय्यम संघाचे प्रशिक्षक लुइस फर्नांदो तेना यांनीच पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये मेक्सिकोला सुवर्ण मिळवून दिलं.

२०१५ ची गोष्ट तीच : कोपा जूनमध्ये, गोल्ड कप जुलैत, मुख्य खेळाडू गोल्ड कपसाठी राखून ठेवलेले. दुसऱ्या फळीने यजमान चिलीला ३–३ असं रोखलं, पण बोलिव्हियाशी ०–० आणि इक्वेडोरकडून १–२ असा निकाल लागल्याने गटात शेवटचा नंबर.

यामागे फिफाचा एक नियम आहे आणि तो बहुतेक लेखांतून निसटतो. खेळाडूला राष्ट्रीय संघासाठी सोडण्याची सक्ती क्लबवर असते ती त्याच्या देशाच्या स्वतःच्या महासंघाच्या स्पर्धेसाठी. पाहुणा म्हणून दुसऱ्या महासंघात खेळायला जाणाऱ्या देशाला हा हक्क नाही. क्लबने नाही म्हटलं की विषय संपला. १९९० च्या दशकात मेक्सिकोचे बहुतेक खेळाडू घरच्याच लीगमध्ये होते, त्यांच्या क्लबांना राजी करणं सोपं होतं. पुढे युरोपात खेळणारे वाढले, तसं हे अवघड झालं.

आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे का दिसतात? कुठे ४८ सामने, कुठे ५१. कुठे विजय जास्त.

तीन ठिकाणी गफलत होते. ४८ हा आकडा २०२४ च्या आधीचा आहे, त्यात तीन सामने मिळवले की ५१. विजयांचा फरक पेनल्टीमुळे पडतो. मेक्सिकोचे तीन सामने शूटआऊटला गेले : १९९५ मध्ये अमेरिकेकडून हार (०–०), १९९७ मध्ये इक्वेडोरवर (१–१) आणि १९९९ मध्ये पेरूवर (३–३) मात. नोंदींच्या रूढ पद्धतीप्रमाणे तिन्ही बरोबरीत जातात. कुणी शूटआऊटचा विजय विजयात धरला तर २० चे २२ होतात, आणि तोच माणूस ते दोन सामने बरोबरीतून वजा करायला विसरला तर बेरीज ५१ च्या पुढे जाते. गुणांचं म्हणाल तर १९९३ मध्ये विजयाला दोन होते आणि १९९५ पासून तीन, म्हणून दोन्ही काळांचे गुण थेट एकत्र करू नयेत.

स्वतः ताळा करायचा असेल तर आधी विजय, बरोबरी आणि पराभव यांची बेरीज सामन्यांइतकी येते का पाहा. मग प्रत्येक स्पर्धेतल्या गोलांची उभी बेरीज घ्या. शेवटी सामन्यांची संख्या संघाने गाठलेल्या फेरीशी जुळवा : गटात बाद म्हणजे तीन, उपांत्यपूर्व फेरीत बाद म्हणजे चार, उपांत्य फेरी गाठली तर सहा, कारण तिसऱ्या स्थानाचाही सामना असतो. वरच्या यादीत पाच ठिकाणी सहा, तीन ठिकाणी चार आणि तीन ठिकाणी तीन सामने आहेत; ३० + १२ + ९ = ५१.

ब्राझील, अर्जेंटिना आणि यजमान संघांविरुद्ध काय कामगिरी आहे?

ब्राझीलविरुद्ध सहा सामने, दोन विजय, चार पराभव. दोन्ही विजय गटातले, २००१ आणि २००७ चे. बाद फेरीत मात्र १९९९ मध्ये ०–२ आणि २००४ मध्ये ०–४. अर्जेंटिनाविरुद्ध चार सामने : १९९३ मध्ये १–१ आणि १–२, २००४ मध्ये १–० विजय, २००७ मध्ये ०–३.

यजमानांशी पाच वेळा गाठ पडली. १९९३ मध्ये इक्वेडोरवर विजय, १९९५ मध्ये उरुग्वेशी १–१, १९९७ मध्ये बोलिव्हियाकडून १–३, २००१ मध्ये कोलंबियाकडून ०–१, २०१५ मध्ये चिलीशी ३–३. यातला बोलिव्हियाचा सामना ला पाझचा, सुमारे ३,६०० मीटर उंचीवरचा. क्विटोत जी सवय कामी आली ती इथे पुरली नाही. मेक्सिको सिटी आणि ला पाझ यांच्यात जवळपास १,४०० मीटरचा फरक आहे. त्या स्पर्धेत मेक्सिकोच्या लुइस एर्नांदेझने सहा गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, पण संघाला तिसऱ्या स्थानावर समाधान मानावं लागलं.

चिलीने ७–० हरवलं तेव्हा तर मुख्य संघ होता ना?

होता. २०१६ मध्ये गोल्ड कप नव्हता आणि हुआन कार्लोस ओसोरिओ यांचा संघ २२ सामने अपराजित राहून सांता क्लाराच्या त्या उपांत्यपूर्व सामन्यात उतरला होता. तेव्हा हा पराभव ‘ब टीम होती’ म्हणून झटकता येत नाही.

वाटेतही एक वळण होतं. गटात मेक्सिको आणि व्हेनेझुएला दोघांचे सात गुण, गोलफरकावर मेक्सिको पहिला. पहिल्याला समोरच्या गटातला दुसरा, म्हणजे चिली, आणि दुसऱ्याला अर्जेंटिना मिळणार होता. सगळ्यांना वाटलं मेक्सिको सुटला. मध्यंतरापर्यंत चिली २–० पुढे होता. दोन गोलांची पिछाडी भरून काढायला मेक्सिकोने पुढे माणसं वाढवली आणि मधली जागा उघडी पडली. चिलीचा सगळा खेळच मुळी वर चढून दबाव टाकायचा आणि चेंडू हिसकावला की दोन-तीन पासांत गोलपर्यंत जायचा. अशा संघासमोर मधली फळी विरळ करणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. दुसऱ्या हाफच्या पहिल्या बारा मिनिटांत आणखी तीन गोल झाले. एदुआर्दो वार्गासने एकट्याने चार मारले. ०–२ वर मेक्सिकोने आकार सांभाळून आणखी वीस मिनिटं काढली असती तर कदाचित हरलाच असता, पण सात खाल्ले नसते.

पाहुणा संघ जिंकला असता तर चषक त्याला मिळाला असता का?

चषक मिळण्यात आडकाठी नव्हती. पाहुणे पूर्ण हक्काने खेळत. आजवर एकही पाहुणा जिंकलेला नाही, मेक्सिकोचं दोनदाचं उपविजेतेपद हीच सर्वोत्तम मजल. क्लब फुटबॉलमध्ये मात्र भेद होता. मेक्सिकन क्लब निमंत्रित म्हणून कोपा लिबर्तादोरेस ही दक्षिण अमेरिकी क्लबांची स्पर्धा खेळत, पण जागतिक क्लब स्पर्धेत दक्षिण अमेरिकेची जागा त्यांना मिळत नसे. २०१० मध्ये ग्वादालाहारा हा मेक्सिकन क्लब अंतिम फेरीत आला तेव्हा समोरच्या ब्राझीलच्या इंटरनॅसिओनालची जागा अंतिम सामन्याआधीच पक्की झाली होती.

२०१९ आणि २०२१ मध्ये मेक्सिको का नव्हता? आणि २०२४ ला पाहुणा म्हणायचं का?

२०१९ मध्ये कोपा १४ जूनला आणि गोल्ड कप १५ जूनला सुरू झाला, दोन्ही संपले ७ जुलैला. दोन्हीकडे खेळणं अशक्यच होतं. त्या वर्षी जपान आणि कतार आले. २०२१ साठी ऑस्ट्रेलिया आणि कतार ठरले होते. विश्वचषक पात्रता सामन्यांच्या तारखा बदलल्याने दोघांनी माघार घेतली आणि दहाच संघांत स्पर्धा उरकली.

२०२४ मध्ये ‘निमंत्रित’ हा शब्द तांत्रिकदृष्ट्या बसत नाही. दोन महासंघांच्या करारानुसार कॉन्ककॅफला सहा जागा होत्या आणि त्या कॉन्ककॅफच्याच नेशन्स लीग स्पर्धेतून मिळवायच्या होत्या. मेक्सिकोची जागा जेमतेम वाचली. होंडुरासमध्ये ०–२ हरल्यावर परतीच्या सामन्यात एदसन आल्वारेझने भरपाई वेळेच्या अकराव्या मिनिटाला दुसरा गोल केला आणि मग पेनल्टीवर सुटका झाली.

स्पर्धेत जमैकावर १–०, मग व्हेनेझुएलाकडून ०–१ (यात ओर्बेलिन पिनेदाची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली), शेवटी इक्वेडोरशी ०–०. मेक्सिको आणि इक्वेडोर दोघांचे चार गुण; इक्वेडोरचा गोलफरक अधिक एक, मेक्सिकोचा शून्य. सोळा संघांच्या या रचनेत चार गट आणि प्रत्येकातले दोनच पुढे, तिसऱ्याला दार बंद. १९९३ आणि १९९५ मध्ये मेक्सिको गटात तिसराच आला होता आणि दोन्ही वेळा पुढे गेला होता. १९९५ मध्ये तर गुणही बरोबर चारच होते.

इतर पाहुण्यांत सर्वांत चांगली कामगिरी कुणाची?

होंडुरासची, २००१. अर्जेंटिनाने माघार घेतल्यावर ऐनवेळी बोलावलेला हा संघ स्पर्धा सुरू झाल्यानंतर कोलंबियात पोहोचला. उपांत्यपूर्व सामन्यात त्याने ब्राझीलला २–० हरवलं आणि उरुग्वेवर पेनल्टीत मात करून तिसरं स्थान घेतलं. अमेरिका १९९५ आणि २०१६ मध्ये चौथी आली. जपान १९९९ आणि २०१९ मिळून सहा सामने खेळला; तीन बरोबरी, तीन पराभव, विजय एकही नाही.